गाडी चाकांवर उभी असताना: जुन्या गाडीच्या बुशांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपला की खड्ड्यांचा हिशेब गॅरेजात मांडला जातो. या महिन्याच्या टपालात सस्पेन्शनच्या बुशांवरचे (दोन नळ्यांमध्ये रबर बसवलेल्या सांध्यांवरचे) प्रश्न इतके आहेत की बॅटरी आणि एसीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. गाड्या बहुतेकांच्या दहा वर्षांपुढच्या आणि सुटे भाग कंपनीबाहेरचे घ्यायचा विचार. त्यात वाईट काही नाही, फक्त भाग पारखून घ्यावा लागतो आणि बसवताना मेस्त्रीच्या शेजारी उभं राहावं लागतं.

माझी २००९ ची डिझेल स्विफ्ट १ लाख ४० हजार किमी चालली आहे. लहान खड्ड्यात डाव्या बाजूनं ‘टक’ असा आवाज येतो. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. गॅरेजवाले दोन्ही लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे खालचे हात) बदला म्हणतात, स्पेअरचा दुकानदार म्हणतो नुसते बुश मिळतात. कोणाचं ऐकावं? (सांगली)

आधी दुखणं बुशाचंच आहे का ते बघा. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी करा. मग दहा-पंधरा किमी गाडी चालवून पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. एक रिम दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलेली असेल तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) अडकतोय आणि ओढण्याचं कारण तिथे आहे. बुशाला उगाच दोष नको.

कॅलिपर ठीक असेल तर दुसरी चाचणी. मोकळ्या जागेत गाडी सुरू करा. एकानं ब्रेक दाबून ठेवून पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीनं टाकत क्लच जेमतेम उचलायचा. दुसऱ्यानं बाजूला, दोन-तीन मीटरवर उभं राहून चाक आणि मडगार्डमधली फट बघायची. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही थांबू नये. चाक मडगार्डात पुढेमागे सरकताना दिसलं आणि सोबत ‘टक’ झालं, तर लोअर आर्मचा मागचा मोठा बुश गेला आहे. अशा गाड्यांत आर्मला बॉडीकडे दोन बुश असतात. पुढचा छोटा आणि कडक, तो आर्मला आडवं धरून ठेवतो. मागचा मोठा, मऊ आणि मध्ये पोकळ खाचा असलेला, तो खड्ड्याचा पुढूनमागे बसणारा धक्का गिळतो. ब्रेक लागताना चाक मागे ढकललं जातं. मागचा बुश एकाच बाजूला फाटलेला असेल तर ते चाक दुसऱ्यापेक्षा जास्त मागे जातं, चाकांची दिशा बदलते आणि गाडी ओढते.

आता गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन बघा, नुसत्या जॅकवर नाही. टॉमी (लोखंडी पहार) आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये घालून हलकी उचक द्या. रबर आहे, थोडं हलणारच, त्यावरून बुश बाद करू नका. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा जुन्या रबराला असतातच. बुश बाद ठरवणाऱ्या खुणा वेगळ्या: रबर धातूच्या नळीपासून सुटलंय, आतली नळी मध्यावरून एका बाजूला बसलीय, किंवा धातूला धातू लागून चकाकणारा घासा पडलाय. काही गाड्यांच्या बुशात द्रव भरलेला असतो. तिथे आर्मवर ओला काळा ओघळ दिसला तर आणखी काही बघायची गरज नाही.

आर्म की बुश, हे ठरतं बॉल जॉइंटवर (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा). तो आर्मलाच कायमचा बसवलेला असेल आणि त्यात खेळ असेल किंवा त्याचं रबरी बूट फाटलं असेल, तर पूर्ण आर्म घ्या. बॉल जॉइंट घट्ट, आर्म सरळ आणि गंजानं पापुद्रे सुटलेले नसतील, तर बुश बदलणं शहाणपणाचं. कंपनीच्या मूळ आर्ममध्ये चांगले बुश, हे अनोळखी शिक्क्याच्या स्वस्त आर्मपेक्षा केव्हाही बरं. स्वस्त आर्मचा पत्रा आणि जोड कसा आहे ते बाहेरून कळत नाही. आर्म काय किंवा बुश काय, दोन्ही बाजू एकदमच बदला. एकीकडे नवा आणि दुसरीकडे थकलेला बुश ठेवला, तर ब्रेकमधली ओढ फक्त बाजू बदलेल.

काम असं होतं. आर्मचे दोन्ही बोल्ट आणि बॉल जॉइंटचा बोल्ट सोडवायचा. बॉल जॉइंटचा दांडा चिमट्यासारख्या पकडीत बसलेला असेल तर तो बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्याच्या खाचेतून जातो. नुसता सैल करून हातोडे मारत बसू नये. चाकाचा हब बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट सुटतो. ब्रेकच्या होजवर काहीही लोंबकळू देऊ नका.

आर्म टेबलावर आला की लगेच दोन खुणा करा. बुशाच्या पोकळ खाचा आर्मच्या कोणत्या दिशेला आहेत ते रंगानं किंवा छिन्नीच्या हलक्या टोल्यानं नोंदवा. बाहेरची नळी आर्मच्या कडेपासून किती बाहेर आलीय ते व्हर्नियरनं मोजून लिहून ठेवा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. खाच असलेल्या दिशेला बुश मऊ असतो, भरीव दिशेला कडक. तो ९० अंशांत चुकीचा बसला तर खड्ड्याचा धक्का कडक बाजूवर येतो. गाडी पहिल्या दिवसापासून विचित्र चालते आणि भाग खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण होतं.

काढताना आणि घालताना हायड्रॉलिक प्रेस वापरा, १० टनांची बहुतेक वेळा पुरते. सांगलीत कोणत्याही लेथवाल्याकडे ती असेल. दाब बाहेरच्या नळीवरच यायला हवा, त्यासाठी नळीच्या व्यासाएवढी जाड गोल कडी लागते. आतल्या नळीवर किंवा रबरावर दाब दिला तर बुश गाडीत जाण्याआधीच आतून फाटतो आणि ते दिसतही नाही. आर्मला खालून भोकाभोवती आधार द्या, नाहीतर पत्र्याचा आर्म वाकतो. जुना बुश हलतच नसेल तर रबर कापून काढा, हॅक्सॉच्या पात्यानं बाहेरच्या नळीला आतून एक काप द्या आणि ती आत चेपा. भोकाला ओरखडा पडू देऊ नका.

नवा बुश फ्रीजरमध्ये ठेवून बसवतात. मदत होते, पण फार नाही. ४५ मिमी व्यासाची पोलादी नळी ३० अंशांवरून उणे १८ वर नेली तर ती जेमतेम अडीच शतांश मिलिमीटर आकसते. मुख्य काम भोक स्वच्छ घासणं, कड थोडी मारणं आणि बुश सरळ धरणं हेच. वंगण म्हणून साबणाचं पाणी वापरा.

आर्म बसवल्यावर नट नवे घाला, स्वतः घट्ट राहणाऱ्या प्रकारचे नट दुसऱ्यांदा भरवशाचे नसतात. बोल्ट किती आणि केव्हा आवळायचे हे पुढच्या उत्तरात आहे. ते वाचल्याशिवाय काम सुरू करू नका. सगळं झालं की त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करा.

मे महिन्यात दोन्ही लोअर आर्मचे बुश बदलले. नामांकित कंपनीचे होते. ऑक्टोबरमध्ये पाहिलं तर पुढचे दोन्ही फाटलेले. गॅरेजवाला भाग नकली होता म्हणतो, दुकानदार खोकं आणि बिल दाखवतो. (पुणे)

दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता आहे. बोल्ट आवळताना गाडीची चाकं हवेत लोंबकळत होती का, एवढंच गॅरेजवाल्याला विचारा. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलून काम झालं असेल तर उत्तर जवळपास मिळालंच.

पुष्कळांना वाटतं की बुशात आतली नळी बेअरिंगसारखी फिरते. तसं नसतं. रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना भट्टीत चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जाम होते, बाहेरची आर्ममध्ये जाम असतेच. आर्म वरखाली होतो तेव्हा फिरत काहीच नाही, रबर पिळलं जातं. म्हणून बोल्ट ज्या क्षणी आवळला त्या क्षणीचा आर्मचा कोन हाच रबराचा शून्य ठरतो.

आकड्यात बघू. आर्मची लांबी ३३ सेंमी धरा. गाडी उचलल्यावर चाक नेहमीच्या जागेपासून ९ सेंमी खाली लोंबतं असं धरा. म्हणजे आर्म सुमारे १६ अंश खाली झुकलेला असतो. तिथे बोल्ट आवळला आणि गाडी खाली ठेवली, की रबर उभ्या गाडीतच १६ अंश पिळलेलं राहतं. रात्री पार्किंगमध्येही. वर खड्ड्यात चाक आणखी १० अंश वर गेलं की पीळ २६ अंशांवर. बरोबर आवळलेल्या बुशाला त्याच खड्ड्यात फक्त १० अंश सोसावे लागले असते. चिकटवण फाटायला पाच महिने लागले हेच विशेष. अशा गाडीची आणखी एक खूण म्हणजे बुश बदलल्यावर पुढची बाजू किंचित उंच दिसते. लोक म्हणतात नवे बुश आहेत, बसायला वेळ लागेल. पिळलेलं रबर स्प्रिंगसारखं गाडी वर ढकलत असतं, एवढाच त्याचा अर्थ.

उपाय सोपा आहे, फक्त आळस नको. काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जागेवर रिकामी उभी असताना, प्रत्येक पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर टेपनं मोजून लिहा. नवे बुश घातल्यावर बोल्ट फक्त हातानं टेकवा. मग आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ, जॅक लावून ते अंतर पुन्हा येईपर्यंत चाकाची बाजू वर उचला आणि त्या जागी टॉर्क पान्यानं आवळा. हलक्या गाड्यांत इथे एक धोका आहे. अंतर जुळण्याआधीच गाडी घोडीवरून उचलू लागते. तसं दिसलं तर तिथेच थांबा. चाकं लावा, गाडी खाली घ्या, दोन-तीन मीटर पुढेमागे ढकला म्हणजे टायरची आडवी पकड सुटेल, आणि सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर किंवा गॅरेजमधल्या खड्ड्यावर नेऊन खालून आवळा. मन लावून काम करणारी गॅरेजं हेच करतात. रॅम्प जवळ असायला हवा, कारण सैल बोल्टांवर गाडी रस्त्यानं नेऊन चालत नाही.

टॉर्कचा आकडा तुमच्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. पाना किलोग्रॅम-मीटरचा असेल तर १०० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १०.२. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नका, त्यामुळे तोच टॉर्क देऊनही बोल्टवर ताण भलताच वाढतो.

बुश लवकर फाटण्याची आणखी दोन कारणं तपासून घ्या. एक, इंजिन ऑइल किंवा फाटलेल्या ड्राइव्ह शाफ्ट बूटमधलं ग्रीस बुशावर पडतंय का. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं, त्यामुळे आधी गळती थांबवा. दोन, गाडी उंच करायला स्प्रिंगच्या वेढ्यात रबरी बफर बसवलेत का. बफरनं गाडी २० मिमी उंच झाली तर बुशांचा शून्यही बदलला. बफर घातल्यावर किंवा काढल्यावर आर्मचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर ठेवून, पुन्हा आवळायचे. बफर विकणाऱ्यांकडून हे ऐकायला मिळत नाही.

कंपनीबाहेरचे बुश घेताना दुकानात काय बघायचं? (डोंबिवली)

जुना बुश सोबत न्या. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, गाडीचं नाव सांगून भाग मागितला तर मॉडेलच्या वर्षावरून घोटाळा होतो. शक्य असेल तर मूळ भागाचा क्रमांक आणि खिशात व्हर्नियर ठेवा.

पहिलं माप बाहेरच्या नळीच्या व्यासाचं, दोन-तीन ठिकाणी फिरवून. नळी गोल नसेल तर परत करा. तो व्यास आर्मच्या भोकापेक्षा किंचित मोठाच हवा, फरक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतका. हातानं आत सरकणारा बुश घेऊ नका.

दुसरं माप आतल्या नळीच्या लांबीचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. ही नळी रबराच्या दोन्ही बाजूंना थोडी बाहेर यायला हवी आणि मूळ नळीइतकीच लांब हवी. ब्रॅकेटचे दोन कान आवळले की ते या नळीवर टेकतात. नळी अर्धा-एक मिमी आखूड असली तर बोल्टचा जोर ब्रॅकेट वाकवण्यात जातो, नळी जाम होत नाही, आणि नव्या कोऱ्या बुशासकट ‘टक’ सुरूच राहतं. मूळ नळीच्या टोकांना दाते असतील तर नव्यालाही असावेत.

मग रबर. नखानं कडेला उचलून बघा, चिकटवण सुटता कामा नये. खाचांचा आकार आणि संख्या जुन्यासारखीच हवी. मूळ बुशाला खाचा असताना नवा भरीव दाखवून ‘हा जास्त मजबूत’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. अंगठ्याच्या नखानं दाबून जुन्याशी तुलना करा. जुनं रबर वयानं कडक झालेलं असतं, नवं त्याहूनही दगडासारखं लागलं तर त्यात भंगार रबर आणि भरताड जास्त आहे.

खोक्यावर उत्पादकाचं नाव, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणं कायद्यानं बंधनकारक आहे. यातलं काहीच नसेल तर तो भाग दिल्लीच्या काश्मिरी गेटहून आला की आणखी कुठून, विचारण्यात अर्थ नाही. तारीख चार-पाच वर्षांपूर्वीची असेल तर दुसरं खोकं मागा. रबर शेल्फवरही म्हातारं होतं.

दुकानदार कधी कधी एक तोडगा सुचवतो: बुश सैल बसला तर भोवती पातळ पत्रा गुंडाळा किंवा वेल्डिंगचे दोन टाके मारा. हे करू नका. पत्रा महिन्याभरात चुरतो आणि टाक्याच्या उष्णतेनं रबराची चिकटवण जागीच जळते. चांगला बुशही सैल बसत असेल तर भोक मोठं झालंय आणि आर्म बदलायची वेळ आली आहे.

१९९९ ची मारुती ८००. पुढून खडखड येते. इंटरनेटवर वाचलं की स्टॅबिलायझर रॉड तात्पुरता सोडवून गाडी चालवून बघायची, आवाज गेला तर दोष त्याच्या बुशाचा. करून बघू का? (कोल्हापूर)

नको. अजिबात नको.

ही चाचणी ज्या गाड्यांत स्टॅबिलायझर बारला (वळणात गाडी जास्त कलू न देणाऱ्या आडव्या रॉडला) वेगळा लिंक रॉड असतो त्यांच्यासाठी चांगली आहे. तिथे दोन्ही बाजूंचे लिंक काढले तरी चाक जागेवर राहतं, गाडी फक्त वळणात जास्त कलते. मारुती ८०० चा लोअर आर्म मात्र एका अरुंद दांड्यासारखा आहे. त्याला बॉडीकडे एकच बुश आहे आणि चाकाला पुढेमागे धरून ठेवण्याचं काम स्टॅबिलायझर बारच करतो. बारचं टोक आर्ममधून आरपार जातं आणि कॅसल नट, स्प्लिट पिननं बांधलेलं असतं. बार सोडून गाडी हलवली तर पहिल्याच ब्रेकला चाक मडगार्डात जाईल. जुन्या झेनच्या आणि पहिल्या अल्टोच्या मालकांनीही हे ध्यानात ठेवावं.

त्यामुळेच तुमच्या गाडीत बारचे बुश ही बारीकसारीक गोष्ट नाही. बॉडीला बार धरणारे दोन डी आकाराचे बुश आणि आर्मच्या टोकाचे दोन, असे चार एकदमच बदला आणि लोअर आर्मचे आतले दोनही त्याच वेळी. डी बुश घेताना बारचा व्यास व्हर्नियरनं मोजा. दोन मिमी मोठा बुश क्लॅम्पमध्ये दाबून बसवला की घट्ट वाटतो, पण बार आत खेळत राहतो. बार जिथे बुशात बसतो तिथला गंज पॉलिश पेपरनं काढा. खरबरीत बार नव्या रबराला कानसासारखा घासतो. बुशाचा काप जुना ज्या दिशेला होता त्याच दिशेला ठेवा. क्लॅम्पचे बोल्ट आणि कॅसल नट दोन्ही गाडी चाकांवर असतानाच पूर्ण आवळा आणि स्प्लिट पिन नवीच घाला, जुनी सरळ करून नव्हे.

समुद्राजवळ राहतो. लोअर आर्मचा बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही. गॅरेजवाला गॅसनं बुश जाळून काढतो म्हणतोय. (रत्नागिरी)

बोल्ट फिरवून सोडल्यावर थोडा परत येतो का? तसं असेल तर बोल्ट आणि आतली नळी गंजून एकजीव झालीत आणि तुम्ही रबर पिळताय. खाऱ्या हवेत आणि तांबड्या चिखलात चाललेल्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं.

आदल्या दिवशी दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या दिशेनं, असं आळीपाळीनं. हललं नाही तर बुश नाहीतरी जाणारच आहे. ब्रॅकेटचा कान आणि नळीचं टोक यांच्यामधल्या फटीत पात्याची करवत किंवा पातळ चकती घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. ब्रॅकेट कापलं जाणार नाही इतका संयम हवा. बोल्ट बॉडीतल्या वेल्ड केलेल्या नटात जात असेल तर आणखी जपून, कारण तो नट आत सुटला तर बॉक्स सेक्शनला (बॉडीच्या बंद पोकळ भागाला) खिडकी पाडावी लागते.

गॅस नको म्हणून सांगा. जळणाऱ्या रबराचा धूर विषारी, द्रव भरलेला बुश तापून फुटू शकतो, जवळून ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप गेलेले असतात, आणि लालबुंद केलेला आर्म आपली ताकद आणि गंजरोधक लेप दोन्ही गमावतो. मग पुढच्या दोन पावसाळ्यांत तो आर्मच गंजेल.

नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून उचलू नका. मूळ बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला तितके न्यूटन, ही त्याची ताणशक्ती. साधा ४.६ चा बोल्ट १०.९ च्या निम्म्याहूनही कमी ताकदीचा असतो. बसवताना बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ हात द्या, आटे कोरडे ठेवा. पुढच्या वेळी बोल्ट सरळ बाहेर येईल.

रबराऐवजी पीयूचे रंगीत बुश घालावेत का? कायम टिकतात म्हणे. (नाशिक)

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. ते तेलाला दाद देत नाही आणि रबराइतकं लवकर चिरत नाही, हे खरं. त्याचा बुश दोन तुकड्यांचा असेल तर आतली नळी त्यात खरोखर फिरते, त्यामुळे पिळाचा प्रश्नच उरत नाही. पण फिरते म्हणूनच तिथे वंगण लागतं, तेही सिलिकॉनचं, आणि आपल्या धुळीत ते टिकत नाही. मग दर खड्ड्याला कुरकुर. रस्त्यावरच्या गाडीचं मूळ रबर साधारण ५० ते ६५ शोअर ए कडकपणाचं असतं, पीयू ७५ ते ९५. तो फरक तुमच्या हातांना आणि बुडाला कळतो.

आमचं मत असं: स्टॅबिलायझरच्या डी बुशांना पीयू चालेल, वळणात फायदाही होईल. लोअर आर्मच्या मागच्या मोठ्या बुशाच्या जागी नको. तिथल्या खाचा आणि मऊपणा मुद्दाम ठेवलेला आहे. तो भरून टाकला की खड्ड्याचा धक्का थेट ब्रॅकेटवर आणि बॉडीच्या वेल्डवर जातो, आणि पंधरा वर्षांच्या बॉडीला ते झेपेलच असं नाही. खोक्यावर कडकपणाचा आकडा नसलेला रंगीत बुश कुठेच घालू नका.

बुश करकरतात म्हणून मेस्त्रीनं जळकं ऑइल मारलं. दोन दिवस शांत होतं, आता आवाज वाढला. (जालना)

पहिल्या दोन दिवसांची शांतता तेलाची होती, नंतरचा आवाज फुगलेल्या रबराचा. साबणाच्या पाण्यानं धुऊन काढा. चिकटवलेल्या बुशाला कोणतंच वंगण लागत नाही. करकर त्याची असेल तर चिकटवण सुटली आहे आणि बुश बदलायचा आहे. डी बुश करकरत असेल तर काढून बार स्वच्छ करा, बहुतेक वेळा माती सापडते.

बोलेरोच्या मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) बुश दर वर्षी जातात. ग्रीस मारून घेतो तरीही. (गेवराई)

ग्रीस बंद करा. ग्रीस निपल असलेल्या धातूच्या बुशांना ग्रीस हवं, ट्रकला असतात तसे. तुमच्या पाट्यात रबरी बुश असतील तर ग्रीसच त्यांना खातंय.

दुसरं, पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या भोकातला) बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं टोक टांगणाऱ्या जोडाचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळले जात असणार. इथेही रबर पिळलंच जातं, आणि पाट्याच्या गाडीत रिकाम्या व भरलेल्या उंचीत फरक मोठा असतो. गाडी बहुतेक वेळा ज्या वजनानं चालते तितकं वजन मागे ठेवा, चाकं जमिनीवर असू द्या आणि मग आवळा. शॅकलच्या बाजूच्या पट्ट्या बघा, बोल्टची भोकं लंबगोल झाली असतील तर पट्ट्याही बदला. पाटे बसून उलटे वाकले असतील तर शॅकल टोकाला जाऊन अडकतो आणि कोणताही बुश टिकत नाही. अशा वेळी आधी पाटेवाल्याकडे जाऊन पाट्यांना बाक आणून घ्या, बुश त्यानंतर.